बाईंच्या जागी

बाईंना गावाने दोनदा निरोप दिला. पहिला रीतसर. शाळेच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या, चार मोठी माणसं बोलली, बोलता बोलता रडली, आणि बाईंना भिंतीवरचं एक भलंमोठं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं नेहमीसारखी शाळेत आली तर दाराला कुलूप आणि नव्या मास्तरांचा पत्ता नाही. बाई घरी चहा पीत बसल्या होत्या. पोरांचा गलका कानावर आला तशी त्यांनी कप खाली ठेवला, खुंटीवरची किल्ली काढली आणि ‘आजच्या दिवस जाऊन येते’ म्हणून निघाल्या. ते आजच्या दिवस करता करता पावसाळा संपला, थंडी पडायला लागली, तरी बाईंचं जाणं काही संपेना.

मधे एक सर येऊन गेले. कडक इस्त्रीचे कपडे, पायात पांढरे बूट. त्यांच्या येण्याच्या आनंदात गावाने बाईंना दुसरा निरोप देऊन टाकला, या खेपेला नुसत्या चहावर. सरांनी शाळा पाहिली. शाळा म्हणजे एकच लांबट खोली, सगळे वर्ग तिच्यातच. मग त्यांनी राहायची जागा पाहिली, फोनला रेंज कुठे येते ते विचारलं, आणि पाण्याच्या टाकीवर चढलं की येते असं कळल्यावर आईची तब्येत बरी नाही म्हणून जे गेले ते गेलेच. बाईंनी पुन्हा किल्ली घेतली. तिसऱ्या निरोपाचं मात्र कोणी नाव काढलं नाही.

बाई दोनदा बसने शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथला कारकून त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि खरं ते सांगितलं. “बाई, तुम्ही सगळे शिक्षक एकाच सालात नोकरीला लागलात, एकाच सालात निवृत्त झालात. हे होणार हे आम्हाला इथे बसून दिसत होतं, पण वरच्यांना दिसेल तेव्हा ना! नवी मुलं या कामाकडे वळतच नाहीत. वळली तरी डांबरी रस्ता संपला की त्यांचे पाय पुढे पडत नाहीत.”

“मग मीच शिकवते की. मला कुठे काय झालंय?”

“तुमच्या सहीला आता किंमत नाही, बाई. हे किती दिवस चालवून घेणार? आणखी एकीची ऑर्डर काढतोय. ती टिकली तर शाळा टिकली. ती गेली तर कुलूप लावायचं आणि मुलं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची, असं ठरलंय.”

नदीवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली असतो. पहिलीतली पोरं तेव्हा काय पोहत जाणार? बाईंची स्वतःची नात, चिमणी, पहिलीत होती.

घरी तात्यांची वेगळीच रड. तात्या म्हणजे बाईंचे यजमान. लग्न झाल्यापासून हा माणूस शेतात एकटा. बाई निवृत्त झाल्या की दोघांनी मिळून शेत करायचं, या एका आशेवर त्यांनी जन्म काढला. या वर्षी त्यांनी शाळेमागच्या सगळ्या रानात बटाटा लावला होता. बटाटा काढणीला आला, पाला वाळून पिवळा पडला, आणि नेमकी तेव्हाच तात्यांची कंबर धरली. कुदळ मारून वरंबा फोडायचा आणि वाकून बटाटे वेचायचे, या दोन्ही गोष्टी एका माणसाने करायच्या म्हणजे दर वेळी कंबरेला हात लावून उभं राहणं आलं. मुलगा लांब ट्रक चालवायचा, तो महिन्याकाठी दिसायचा. राहिली सून. ती घर, गुरं, पोर सांभाळून येईल तेव्हा येई.

“आई, एक बोलू?” सून एकदा म्हणाली. “राग येऊ देऊ नका. गावाच्या पोरांचं करताय फुकट, चांगलंच आहे. पण घरातला म्हातारा वाकून वाकून मोडायला आलाय, तोही बघा जरा.”

“म्हातारा कोणाला म्हणतेस?” तात्या ओट्यावरून ओरडले. उठून दाखवायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. दोघींनी मिळून त्यांना सरळ केलं. 

आठवडाभरात नवी बाई आली. बसमधून उतरली ती एक बॅग, एक उशी आणि हातात चुरगळलेली ऑर्डर घेऊन. अंगाने किरकोळ, बोलणं मऊ, डोळ्यांखाली प्रवासाची काळी वर्तुळं. तिला उतरून घ्यायला निम्मं गाव आलेलं बघून ती घाबरलीच. बाईंनी तिला आपल्याच घरात ठेवून घेतलं. मधली खोली रिकामी केली, नवी चादर घातली. सून आत जाऊन पुन्हा पुन्हा विचारी, “काही हवंय का?” चिमणी दाराच्या फटीतून बघत बसे. तात्यांनी तर रेंजसाठी टाकीची शिडी स्वतः घट्ट करून घेतली. तिच्या सुखात कसर राहायला नको, एवढाच सगळ्यांना ध्यास.

बाईंनी तिला शाळा समजावून दिली. छप्पर कोणत्या कोपऱ्यात गळतं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, कोण पोटात दुखतं म्हणून खोटं सांगतो आणि कोणाच्या खरंच दुखतं, कोणाचे वडील कधी बोलायच्या स्थितीत असतात, सगळं. पहिला पूर्ण दिवस त्या मागच्या भिंतीला टेकून बसल्या. पोरं गुणी लेकरांसारखी वागली. नव्या बाईचा जीव भांड्यात पडला.

“जमेल की गं तुला,” बाई घरी जाताना म्हणाल्या.

“मुलं खूप शहाणी आहेत,” नवी बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई कुदळ घेऊन तात्यांबरोबर शेतात गेल्या आणि शाळेत भलतंच झालं.

नव्या बाईने फळा पुसला. डस्टरमध्ये खडूची भुकटी साचली होती, ती झाडायला तिने तो खिडकीच्या चौकटीवर तीनदा आपटला. पाठीमागून एकदम आवाज उठला, “बे एके बे, बे दुणे चार!” सगळी खोली पाढे म्हणायला लागली. ती दचकून वळली. “मी सांगितलं का?” कोणी थांबेना. तिने टेबलावर दोनदा डस्टर आपटला, “गप्प बसा, गप्प!” तर बारक्यांनी माना खाली घालून पाट्यांवर लिहायला घेतलं. तिचा तोल सुटला. ती टेबलावर आपटतच राहिली आणि मोठी पोरं उठून, बाकं ओलांडून, बारक्यांच्या शेजारी जाऊन बसली. आपली टिंगल चाललीय, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. ती बाहेर ओसरीवर गेली आणि खांबामागे तोंड करून रडली.

पोरांचा यात काडीचाही दोष नव्हता. फार वर्षांपूर्वी बाईंचा घसा असा बसला होता की एक अख्खा हिवाळा त्यांना शब्द फुटत नव्हता. तेव्हा त्यांनी वर्ग टेबलावर ठोके मारून चालवला. एक ठोका म्हणजे चिडीचूप, दोन म्हणजे पाटीवर लिहा, तीन म्हणजे पाढे, आणि सलग टकटक म्हणजे मोठ्यांनी लहानांजवळ बसून त्यांचा अभ्यास घ्यायचा. आवाज परत आला, पण ठोके काही गेले नाहीत. कधी डस्टरने, कधी पेनाने, कधी नुसत्या बोटाने. लहान पोरं मोठ्यांना बघून बघून शिकत गेली. बाईंच्या हाताला ती खोड इतकी जडली की आपण ठोके मारतो हे खुद्द बाईंनाच माहीत नव्हतं. नव्या बाईला सगळं सांगितलं, हे कुठून सांगणार? आणि पोरांना वाटे, बाई म्हटली की तिला ठोके येतातच. ही नवी स्वतःच ठोके देते आणि आपण ऐकलं की चिडते, म्हणून पोरं बिचारी गोंधळून गेली होती.

एक मुलगी कुंपणाकडे धावत आली. “बाई, चला! नव्या बाई रडतायत!”

बाई चिखलाच्या हातांनी तशाच गेल्या. दारात उभ्या राहिल्या, चौकटीवर बोट वाजवलं. एका ठोक्यात खोली चिडीचूप. नवी बाई ओसरीवरून बघत होती. तिला दिसलं ते एवढंच, की आपण तासभर घसा फोडला ते या म्हातारीने नुसतं दारात उभं राहून केलं. तिने मान खाली घातली. आणि बाईंना, खोटं कशाला बोलायचं, बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

मग ती रीतच पडली. बाईंनी सकाळी शेतात जायचं, पहिला वरंबा फोडून होईतो शाळेतून बोलावणं यायचं. बाई तोंडाने म्हणत, “काय बाई या पोरांनी मांडलंय!” पण पाय मात्र चटाचट उचलत. त्या मागे बसल्या की वर्ग सुरळीत, उठल्या की पुन्हा तोच गोंधळ. गावातली माणसंही ओसरीवरून डोकावून जाऊ लागली. एक जण तर नव्या बाईच्या तोंडावर म्हणाला, “आमच्या बाईंची सर कुणाला येणार!” त्याला बाईंचं कौतुक करायचं होतं, बाकी त्याच्या मनात काही नव्हतं. नवी बाई हसली. त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

तिकडे तात्या एकटेच खणत राहिले. कुदळ उचलायची, मारायची, कंबर धरून आभाळाकडे बघायचं. आभाळ भरून यायला लागलं होतं. अवकाळी बरसला की बटाटा जमिनीतच सडणार. शाळेच्या खिडकीतून बाईंना म्हातारा दिसे. दिसला की त्या नजर दुसरीकडे वळवत.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नवी बाई चुलीपाशी सुनेजवळ बसली होती. बाई परसात भांडी विसळत होत्या, त्यांना ऐकू आलं.

“उद्या दुपारच्या बसने जाते मी, वहिनी.”

“घरी जाऊन याल ना?”

“घरी जाते,” एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं मला शिकवता येतं. मुलं मला खेळवतात. मी बोलले की नेमकं भलतंच करतात, आणि चेहरे असे ठेवतात जसं काही मीच सांगितलंय. बाई आल्या की देवासारखी बसतात. मग माझी गरजच काय इथे?”

सुनेने चुलीत लाकूड सारलं. बाहेर बाईंच्या हातात तसंच भांडं होतं. गरज काय? गरज ही की ती गेली तर कुलूप. आपल्या सहीला किंमत नाही, आपले गुडघे आणखी फार तर दोन वर्षं साथ देतील, आणि चिमणीला पुलावरून जावं लागेल. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. तरी आत जाऊन त्या पोरीला धरून ठेवतील असे शब्द त्यांना सुचेनात. 

सुट्टीच्या दिवशी सकाळी आभाळ एकदम खाली आलं. वारा थांबला. तात्या म्हणाले, “संध्याकाळपर्यंत काढलं तर आपलं, नाहीतर मातीचं.” सून गावात ओरडत गेली. बघता बघता शेजारच्या, वरच्या आळीच्या बायका खुरपी, बादल्या घेऊन आल्या. सगळ्या बाईंच्याच हाताखालून गेलेल्या. कोणी तिशीची, कोणी चाळिशीची, एकीची तर मुलगीच लग्नाला आलेली. दोघी-तिघींचे नवरे कुदळी घेऊन आले. नव्या बाईची बॅग दाराशी भरून ठेवली होती, पण घरातली सगळी शेतात गेल्यावर तिला बसवेना. तीही बाह्या सारून आली. तिला खुरपं नीट धरता येत नव्हतं, बटाट्याला घाव बसत होते. तात्या म्हणाले, “असू दे पोरी, घाव लागलेले आपण खाऊ.”

कामाला जोर आला. पुरुष वरंबे फोडत, बायका मागून वेचत. बायकांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती. बाई एका पत्र्याच्या बादलीपाशी बसल्या होत्या. खुरप्याला चिकट माती धरली होती. ती झाडायला त्यांनी खुरपं बादलीच्या काठावर आपटलं. ठण्ण.

सगळं रान गप्प झालं. सासूबद्दल तावातावाने सांगणारी बाई वाक्याच्या मध्येच थांबली.

बाईंना काही कळलं नाही. माती अजून सुटली नव्हती. त्यांनी खुरपं बादलीवर पुन्हा आपटलं, आपटतच राहिल्या. आणि रांगेतल्या तीन-चार वयाने मोठ्या बायका आपापल्या जागेवरून उठल्या, सरी ओलांडली आणि सर्वांत मागे पडलेल्या नव्या बाईच्या शेजारी येऊन बसल्या. एकीने तिच्या हातातलं खुरपं धरून सांगायलाही सुरुवात केली, “असं नाही, तिरकं घालायचं.”

मग त्या बाईचा हात थांबला. तिने शेजारणीकडे बघितलं. “अगं, आपण का आलो इकडे?”

“बाईंनी सांगितलं ना.”

“कधी?”

दोघींनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातात खुरपं तसंच वर. एक बाई फस्सकन हसली आणि मग सगळं शेतच हसायला लागलं. “अगं बाई गं! मला अजून कोणी दार दोनदा वाजवलं की पाटी कुठंय असं होतं!” “आणि माझ्या नवऱ्याने तीनदा खाट ठोकली की मी...” पुढचं हसण्यात बुडालं. कोणी बे एके बे सुरू केलं. तात्या कुदळीवर रेलून पोट धरून हसले, कंबर दुखली तरी हसले.

दोघीच हसत नव्हत्या. बाई हातातल्या खुरप्याकडे बघत होत्या. आणि नवी बाई त्यांच्याकडे बघत होती. पहिला दिवस, खिडकीची चौकट, टेबल, उठून चालत गेलेली पोरं, एकेक तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं.

“मी... मी असं करते?” बाईंनी विचारलं.

“कायम,” सून म्हणाली. “घरीसुद्धा करता. चिमणी ताटावरून उठून पाटी आणते तुमच्या बोटांचे ठोके ऐकून. मला वाटलं मुद्दाम करता.”

नवी बाई हळूच म्हणाली, “म्हणजे मुलं माझं ऐकत होती.”

“ऐकतच होती गं,” बाई म्हणाल्या.  “मीच तुला सांगितलं नाही. मलाच ठाऊक नाही तर काय सांगणार? आता सांगते. चल, एकेक ठोका शिकवते तुला, अगदी सोपं आहे.”

लांब रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. सून उठली. “बॅग आणू का?”

नवी बाई जागची हलली नाही. तिच्या नखांत माती भरली होती, ती काडीने काढत ती बराच वेळ बसली. हॉर्न आणखी एकदा वाजला आणि बस निघून गेली.

“बाई, मला ठोके नका शिकवू,” ती म्हणाली. “चांगले आहेत ते. पण ते तुमचे आहेत. मी ते वाजवले तर मुलं तुमचंच ऐकणार. मी बोलेन, माझ्या पद्धतीने. त्यांना सवय व्हायला वेळ लागेल.”

“लागू दे की. मी मागे बसते तोवर.”

“नाही.” तिने हातातली काडी टाकून दिली. “मी राहते. पण तुम्ही यायचं नाही. मुलं गोंधळ घालतील, मी ओरडेन, तुम्हाला इथून सगळं ऐकू येईल. कोणी बोलवायला आलं तरी यायचं नाही.”

बायकांची खुरपी थांबली. बाईंना असं कोणी बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं.

“आणि नाहीच जमलं तुला तर?”

“तर नाही जमलं. पण मला जमतं की नाही ते तरी मला कळू द्या.”

बाईंना ते लागलं. फार लागलं. ज्या पोरीला आपण घरात घेतलं, आपल्या हाताने चादर घातली, ती आपल्याला आपल्याच शाळेचं दार बंद करते! त्या उठल्या, बादली उचलली आणि शेताच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन एकट्याच वेचत बसल्या. तात्या त्यांच्याजवळ गेले नाहीत. कुठे जायचं आणि कुठे नाही, हे एवढ्या संसारात त्यांना कळलं होतं. पाऊस अंधार पडताना आला. तोवर बहुतेक सगळा माल पोत्यांत भरून गोठ्यात गेला होता. कोपऱ्यातला तुकडा तेवढा भिजला.

दोन दिवसांनी जमीन जरा सुकून वापसा आला, तशी बाई आणि तात्या राहिलेला तुकडा काढायला गेले. तो तुकडा कुंपणाला अगदी लागून होता. पलीकडे शाळेचं अंगण. आत आरडाओरडा चालला होता. नव्या बाईचा मऊ आवाज चढत होता, फाटत होता, पुन्हा चढत होता. कोणीतरी पाढे म्हणत होतं, कोणी रागावत होतं. बाई वरंबा उकरत राहिल्या. ओल्या जमिनीतून बटाटा काढला की पुसायचा, बघायचा, बरा असेल तर टोपलीत, नासला असेल तर बांधावर.

मधली सुट्टी झाली. पोरं अंगणात सुटली. पळता पळता चिमणी दगडाला ठेचकाळली आणि तोंडावर आपटली. आधी श्वास अडकला, मग तिने असा टाहो फोडला की तात्यांच्या हातातून कुदळ सुटली.

बाई उभ्या राहिल्या होत्या. काटेरी कुंपण, त्यापलीकडे फार तर चार ढांगांवर पोर. गुडघ्यातून रक्त येतंय हे इथूनही दिसत होतं. पोरं गोल करून उभी होती, कोणाला काय करावं ते कळत नव्हतं. चिमणीने रडता रडता मान वळवली, शेताकडे, जिकडून आजी येते तिकडे.

बाई मटकन खाली बसल्या. पाल्याच्या ढिगाऱ्याआड, चिखलातच बसल्या. दोन्ही हात त्यांनी ओल्या मातीत खुपसले आणि मातीच घट्ट धरून ठेवली. तात्या कुंपणाकडे निघाले, तशी त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “थांबा. जाऊ नका. तुम्हीही जाऊ नका.”

“अगं, पोर आपली आहे!”

“थांबा म्हणते ना!”

अंगणात नवी बाई धावत आली. घाईत तिची एक चप्पल मागेच राहिली. तिला रडकं पोर उचलायची सवय नव्हती. तिने चिमणीला आधी बगलेत धरून उचललं, मग सावरून कडेवर घेतलं, आणि जखमेवर फुंकर घालत काहीतरी बोलत राहिली. काय ते ऐकू येत नव्हतं. चिमणी आणखी दोनदा शेताकडे बघून रडली. मग तिने नव्या बाईच्या खांद्यावर तोंड ठेवलं. हळूहळू तिचं रडणं ओसरलं.

तात्या टाचा उंचावून बघत होते. “गप्प झाली,” ते म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मातीत होते म्हणून ते पुसता येत नव्हतं.

“खरंच गप्प झाली का हो?”

“झाली. दोघी आत चालल्यात.”

बाईंनी हात बाहेर काढले. डावी मूठ उघडली तर तिच्यात एक बटाटा निघाला, चांगला, न नासलेला. त्यांनी तो टोपलीत टाकला आणि तात्यांना म्हणाल्या, “तुम्ही खणा. वेचते मी.”